मालातला गूळ

शेवगावात आणि आसपासच्या गावांत मी बांधलेली एकही भिंत ओळंब्याबाहेर नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण सांगायला दुसरं कुणी येत नाही. चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलं. शाळेच्या खोल्या बांधल्या, दवाखाना बांधला, लोकांची घरं किती बांधली त्याला मोजदाद नाही. आजही बाजारात निघालो की एखाद्या घरासमोर थांबतो, एक डोळा मिटून कोपरा बघतो आणि मनात म्हणतो, शाब्बास रखमाजी. बायको म्हणते, लोक चोर समजतील. समजू देत.

चार वर्षांपूर्वी माझे दोन्ही गुडघे गेले. परांचीवर चढणं बंद झालं आणि मी घरी बसलो. मी बसलो तशी कलाबाईही बसली. कलाबाई माझी बायको, आणि तीस वर्षं माझ्याच हाताखालची बिगारी. आमच्या धंद्यात सिमेंट, वाळू आणि पाणी एकत्र कालवलं की त्याला माल म्हणतात. माल कालवायचा, घमेल्यात भरायचा, डोक्यावर घेऊन शिडी चढायची, हे बिगाऱ्याचं काम. तोच माल थापीनं भिंतीला लावायचा, हे मिस्त्रीचं. माणूस दोन-चार वर्षं बिगारी राहतो, मग हातात थापी घेतो आणि मिस्त्री होतो. बाई मात्र कितीही वर्षं राबली तरी बिगारीच. असा नियम कुठं लिहिलेला नाही, पण सगळे पाळत होते आणि मीही पाळला. तेव्हा त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही, हे कबूल करतो.

घराच्या डागडुजीतून अर्धं पोतं सिमेंट उरलं होतं. ते गोळे होऊन वाया जाईल म्हणून कलाबाई हळहळत होती. मोरीच्या पाण्यावर आमच्याकडे अळू माजतं. एका सकाळी तिनं अंगणात ओल्या वाळूचा ढीग केला, त्यावर सुपाएवढं अळूचं पान पालथं घातलं आणि बोटभर जाडीचा माल थापून ओलं गोणपाट टाकलं. तिसऱ्या दिवशी ते उलटं करून पान सोललं. पानाची शीर न् शीर सिमेंटात उमटली होती. तिनं ते भिंतीकडेला ठेवलं, त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि दुपारपर्यंत त्यात दोन साळुंक्या अंघोळ करायला लागल्या.

"रिकामपणाचे उद्योग," मी म्हणालो.

मग तिनं जुना टॉवेल सिमेंटच्या पातळ कालवणात बुडवून पालथ्या बादलीवर पांघरला. वाळल्यावर त्याची कुंडी झाली, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या घड्या पडलेली. शेजारणी बघायला आल्या. एकीनं कुंडी मागून नेली, दुसरीला पान हवं झालं. बघता बघता आमच्या अंगणात उभं राहायला जागा उरली नाही. घरी येणारा प्रत्येकजण आधी तिच्या पानांकडे बघायचा आणि मग मला जयभीम घालायचा. मला हेवा वाटत नव्हता. कुंड्याच त्या, त्यात हेवा वाटण्यासारखं काय होतं? असं मी स्वतःला रोज सांगायचो, म्हणजे किती वाटत असेल ते समजा.

यंदा चैत्रात अजिनाथ भाऊसाहेब घरी आले. ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालेले, आता आमच्या विहाराच्या समितीचे अध्यक्ष. विहाराशेजारी समितीनं मुलांसाठी अभ्यासिका बांधली आहे. तिच्यापुढं छोटी बाग करायची आणि बुद्धपौर्णिमेला ती खुली करायची, असं ठरलं होतं. ते आले तसा मी खाटेवर सावरून बसलो. मला वाटलं, कट्ट्याबिट्ट्याचं काही विचारतील. पण त्यांनी कलाबाईकडे बघून विचारलं, "कलाबाई, बागेत मध्यभागी काही करता येईल का तुमच्या हातचं?"

कलाबाईनं पदरानं हात पुसले. तिनं विचारही केला नाही, म्हणजे तो आधीच करून ठेवला असणार. "आठ कमळं करते," ती म्हणाली. "अष्टांग मार्गाची आठ. गोल मांडायची. परत्येकात पानी ऱ्हाईल आन् पाखरं पेतील."

"जमेल?"

"जमंल. पर एक सांगते. मला एकटीला करू द्या."

हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं, हे भाऊसाहेबांनाही कळलं. ते चहा पिऊन गेले. मी तिला विचारलं, "एकटीला म्हंजे काय? मी काय मेलोय?"

"तुमी बघा की खाटंवरून. फकस्त हात लावू नका."

तर चाळीस वर्षांचा मिस्त्री अंगणातल्या खाटेवर बसून बघायला लागला. एका कमळाला बारा पाकळ्या, आठ कमळांच्या शहाण्णव. तिनं ओल्या वाळूनं वाडगा भरायचा आणि पालथा घालायचा, अशा ओळीनं वाळूच्या ढिगल्या पाडल्या. पत्र्याची पाकळीच्या आकाराची चौकट कापून घेतली. ढिगलीवर माल थापायचा, चौकट दाबायची, कडा काढायच्या, की बाक असलेली पाकळी तयार. सगळ्या पाकळ्या वाळल्या की तीन फेऱ्यांत जोडून कमळ उभं करायचं. बेत चोख होता. मला त्यात एक खोट सापडेना आणि त्यामुळंच मी बेचैन झालो.

आता गुळाचं सांगतो.

मी चौदा वर्षांचा असताना ज्या उस्तादाच्या हाताखाली लागलो, ते चुन्यात काम करणारे शेवटचे. बैल जुंपून दगडी चक्कीत चुना मळायचा आणि उस्ताद त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी ओतायचे. म्हणायचे, चुन्याला गूळ पाजला की त्याचा दगड होतो. त्यांनी बांधलेला एका विहिरीचा कठडा मी अजून जाऊन बघतो, त्याचा एक चिरा हललेला नाही. पुढं चुना गेला आणि सिमेंट आलं. सिमेंटात मी कधी गूळ टाकला नव्हता, कारण ठेकेदार सिमेंटच हात आखडून द्यायचे, गूळ कुठून देणार. पण त्या दिवशी खाटेवर बसल्या बसल्या उस्ताद आठवले आणि माझ्या डोक्यात शिरलं की या कमळांना गूळ पाजला तर ती शंभर वर्षं टिकतील.

मनात वाईट नव्हतं. पण नुसतं चांगलंही नव्हतं. त्या कमळांत माझंही काहीतरी असावं, ते कुणाला दिसलं नाही तरी मला ठाऊक असावं, एवढा लोभ होता. कलाबाई जागा मोजायला विहारात गेली. मी घरात जाऊन डब्यातली गुळाची ढेप काढली, अर्धी फोडली, गरम पाण्यात विरघळवली आणि अंगणातल्या पाण्याच्या पिंपात ओतून काठीनं ढवळली. काठी धुऊन जागेवर ठेवली. चोरी मला नीट जमते, हे सहासष्टाव्या वर्षी कळलं.

ती परत आली, पदर खोचून माल कालवायला बसली आणि मग्यात पाणी घेऊन थबकली. "पानी पिवळं का दिसतंय?"

"टँकरचं हाय," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली आणि पाणी मालात ओतलं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, हे मला तेव्हाही दिसलं होतं.

संध्याकाळपर्यंत शहाण्णव पाकळ्या झाल्या. एकीसारखी दुसरी. अंगणभर ओळीनं पालथ्या पाकळ्या आणि त्यांवर ओली गोणपाटं. मी मनात म्हणालो, आता बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गोणपाट उचललं आणि एका पाकळीच्या कडेला अंगठा लावला. अंगठा आत रुतला. तिनं दुसरी बघितली, तिसरी बघितली. सगळ्या ओल्या पिठासारख्या. "थंडी हाय का काय?" ती म्हणाली. वैशाख तोंडावर आला होता, कौलावर हात ठेवला तर भाजत होता. मी म्हणालो, "थांब की एक दिवस. सगळं सिमेंट सारखं नसतं."

ती एक दिवस थांबली, मग आणखी एक. तिसऱ्या दिवशी तिनं एक पाकळी दोन्ही हातांनी उचलली आणि ती तिच्या ओंजळीतच ढासळली. कलाबाई तिथंच वाळूत बसली. सिमेंटच्या नव्या पोत्यावरची तारीख बघितली, ती ताजी होती. वाळू जिभेला लावून बघितली, खारी नव्हती. मग ती आपल्या हातांकडे बघायला लागली. "माझ्याच हातून काय तरी चुकलं," ती म्हणाली. "माप चुकलं आसंल."

तीस वर्षांत तिचं माप कधी चुकलं नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी दुसरीकडे बघत बसलो. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

त्याच दुपारी गोरक्ष काम बघायला आला. हा समितीतलाच. माझ्याच हाताखाली मिस्त्री झाला, आता बांधकामाचे ठेके घेतो. पायातल्या बुटानं त्यानं एक पाकळी ढोसली, तिचा चुरा झाला. "काकू," तो म्हणाला, "राग मानू नका, पर माल कालवनं येगळं आन् काम करनं येगळं. नगर रोडला तयार कमळं मिळत्यात, रंग दिलेली. मी रविवारी मीटिंगमधी तसं मांडतो."

गोरक्षनं माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. ते वाक्य मी शिकवलेलं होतं. परांचीवर उभा राहून शंभर वेळा मी ते तिला ऐकवलं होतं.

तो गेल्यावर मी मोबाईल घेऊन घरामागं गेलो. आमचा मुलगा तुषार सुप्याला एमआयडीसीजवळ तयार काँक्रीटच्या प्लँटवर असतो, ज्यांच्या गोल फिरणाऱ्या गाड्या रस्त्यावर दिसतात तो प्लँट. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुषार, सिमेंटात गूळ गेला तर काय हुतं रे?"

"गूळ?" तो हसायला लागला. "अण्णा, आमच्या गाड्यांत ड्रायव्हरच्या शीटमागं साखरेची पिशवी असते. गाडी कुठं लई वेळ अडकली आन् माल आतच बसायला लागला, तर साखर टाकायची. मग तो बसतच न्हाई. टाकून द्यायच्या लायकीचा हुतो, पर गाडी वाचती. का? कुनी टाकला गूळ?"

"कुनी न्हाई," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

चुन्याला जे बळ देतं तेच सिमेंटाला मारतं, एवढी साधी गोष्ट चाळीस वर्षांच्या मिस्त्रीला माहीत नव्हती. आणि आता ती माहीत झाल्यावर सांगायची कुणाला? सांगितलं तर लोक काय म्हणतील ते मला तोंडपाठ होतं. म्हाताऱ्याला बायकोचं बघवलं नाही, म्हणून नासवलं. शेवगावात माझी कमाई म्हणजे माझं नाव. गुडघे गेले, काम गेलं, नाव तेवढं उरलं होतं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. कलाबाई ताटात वाढत होती आणि मी जेवत होतो.

रविवारी वंदना झाल्यावर विहारातच मीटिंग बसली. पंधरा-वीस माणसं, मागं बायका. गोरक्षनं तयार कमळांचं मांडलं, मोबाईलवर फोटो फिरवले. गुलाबी रंगाची, चकचकीत. अजिनाथ भाऊसाहेब म्हणाले, "कलाबाई, तुमचं म्हणणं सांगा. काय झालं नक्की?"

कलाबाई उभी राहिली. "चूक माझ्याकडून झाली," ती म्हणाली. "माल नीट कालवला गेला न्हाई. मला आनखी एक डाव करू द्या. पौर्णिमेला पंधरा दीस हायेत. न्हाई जमलं तर तुमी आना तयार कमळं, मी काय बोलनार न्हाई."

मागून कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री घरात असताना बाईनं कशाला लागायचं ह्या फंदात." दोघं-तिघं हसले. गोरक्ष म्हणाला, "काकांनी नुसतं वरून बघितलं असतं तरी ही येळ आली नसती."

माझ्या कानांत ऊन शिरल्यासारखं झालं. एवढ्या लोकांत ती माझं पाप आपल्या डोक्यावर घेऊन उभी होती, जशी घमेली घेऊन उभी राहायची तशीच, मान ताठ. आणि मी त्या हसणाऱ्यांत बसलो होतो. मी भिंतीला धरून उठलो. माझे गुडघे उठताना कटकटतात, त्यामुळं सगळ्यांनी मागं वळून बघितलं.

"माल बराबर कालवला हुता," मी म्हणालो. "तिचं माप कधी चुकत न्हाई. पान्यात गूळ हुता. मी टाकला. तिला न सांगता. गुळानं सिमेंट बसत न्हाई, हे मला ठावं नव्हतं. आन् तिनं पान्याचा रंग इचारला तवा मी खोटं बोललो."

मला वाटलं होतं की हसतील. कुणी हसलं नाही. गोरक्षनं खाली मान घातली.

"आन् गोरक्ष," मी पुढं म्हणालो, कारण एकदा तोंड उघडलं की मला थांबता येत नाही, "माल कालवनं येगळं आन् काम करनं येगळं, हे मीच तुला शिकवलं. चुकीचं शिकवलं. माझ्या ज्या भिंती उभ्या हायेत ना, त्या हिच्या मालानं उभ्या हायेत. आता काय ठरवायचं ते ठरवा."

ठरवायला फार वेळ लागला नाही. अजिनाथ भाऊसाहेब म्हणाले, "कलाबाईंना पंधरा दिवस द्यायचे. कुणाची हरकत?" कुणाची नव्हती.

घरी येताना ती पुढं आणि मी मागं, हळूहळू. पोस्टाच्या कोपऱ्यावर ती थांबली. "मला म्हाईत हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"गुळाचं. ढेप अर्धी झाल्याली बाईमानसाला कळत न्हाई व्हय? तिसऱ्या दिवशी रातच्याला पुरनाला डबा उघडला तवाच कळलं."

"आन् गुळानंच झालं, हे कशावरून?"

"दवाखान्याच्या साईटवर मागं चहाची किटली मालात सांडली हुती. तेवढा तुकडा बसलाच न्हाई. तुमी म्हनलात, सिमेंट खराब हाय. मी काय बोलले न्हाई. बिगाऱ्याला कोन इचारतंय?"

मला ती किटली आठवली. सिमेंटवाल्याशी मी किती भांडलो होतो, तेही आठवलं. मी विचारलं, "मग आज गप का बसलीस? माझं नाव घ्यायचं की सरळ."

"तुमी घेताय का, ते बघत हुते," ती म्हणाली आणि चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिंप पालथं केलं, धुतलं, नवं पाणी भरलं. मग माझ्यापुढं पाट, घमेलं आणि फावडी आणून ठेवली. "बसा," ती म्हणाली. मी पाटावर बसलो आणि मिस्त्री झाल्यापासून पहिल्यांदा दुसऱ्याच्या कामासाठी माल कालवला. सोपं नसतं ते. वाळू कोरडी असली तर पाणी जास्त प्यायला मागते, सकाळी ओली असली तर कमी. सिमेंटचा रंग बघून हात थांबवावा लागतो. पहिला घाणा तिनं बोटानं बघितला आणि म्हणाली, "पातळ झाला. पुन्ना." मी तो टाकून दुसरा केला. "आता घट्ट झाला." चाळीस वर्षं मी परांचीवरून ओरडायचो, माल पाठव, आणि मला हवा तसा माल यायचा. तो कसा यायचा, हे मला त्या सकाळी समजलं. तिसऱ्या घाण्याला तिनं काही म्हटलं नाही आणि मला शाळेत पास झाल्यासारखं वाटलं.

त्याच दिवशी आणखी एक गंमत झाली. कडा साफ करायचा तिचा ब्रश आठवडाभर एका डबड्यात जुन्या गुळाच्या पाण्यात पडून होता. तोच ब्रश न धुता तिनं पहिल्या पाकळीवरून फिरवला. दुसऱ्या दिवशी बाकीच्या पाकळ्या टणक झाल्या होत्या, पण या एकीचं वरचं कातडं हाताला लागत होतं. तिनं ती पाकळी पाण्याखाली धरून घासली. वरचा राखाडी थर निघून गेला आणि खालून वाळूतली बारीक खडी वर आली, काळी, तांबडी, मध्येच एखादा पांढरा दाणा. खाली पाकळी दगडासारखी पक्की. कलाबाई ती उन्हात धरून बराच वेळ बघत राहिली.

"गूळ काढा," ती म्हणाली.

"काय?"

"राहिलेली ढेप काढा. पोटात न्हाई घालायचा. नुसता अंगाला लावायचा."

मग तिनं प्रयोग लावले. गूळ किती आणि पाणी किती, ब्रश किती वेळा फिरवायचा, किती तासांनी धुवायचा. पाच पाकळ्या वाया घालवल्या तेव्हा कुठं माप बसलं. मालातही तिनं मला नदीची तांबूस खडी आणि विटांचे बारीक कण घालायला लावले. पाकळीला आतून गुळगुळीत राखाडी अंग आणि बाहेरून दाणेदार तांबडं. मी चाळीस वर्षांत हजारो पोती सिमेंट वापरलं, पण सिमेंट असं दिसू शकतं, हे मला माहीत नव्हतं. ते मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "हात चालवा, माल बसंल."

बुद्धपौर्णिमेच्या आधी दोन दिवस आठही कमळं टेम्पोनं विहारात नेली. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो आणि प्रत्येक खड्ड्याला त्याला शिव्या घातल्या. कलाबाईनं दोरी धरून गोल आखला आणि एकेक कमळ जागेवर बसवून घेतलं. मी ओळंबा धरून बघायला गेलो तर ती म्हणाली, "कमळाला कशाला वळंबा?" तरी मी बघितलं. बरोबर होतं.

पौर्णिमेच्या सकाळी कमळांत पाणी भरलं. पांढऱ्या कपड्यांतली सगळी वस्ती तिथं जमली. लोक वाकून वाकून हात फिरवत होते, पोरं पाण्यात बोटं बुडवत होती. गोरक्ष एका कमळापुढं उकिडवा बसला आणि नखानं खडी निघते का ते बघायला लागला. निघाली नाही. "काकू," त्यानं विचारलं, "ही खडी अशी वर कशी आनली?"

"गुळानं," कलाबाई म्हणाली.

सगळे हसले आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. अजिनाथ भाऊसाहेबांनी माईकवर कलाबाईंचं नाव घेतलं. नुसतं तिचं, 'रखमाजी मिस्त्रींच्या पत्नी' वगैरे काही नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा ती इकडं तिकडं बघत पदर नीट करायला लागली, आणि मला एवढा अभिमान वाटला की माझ्या सगळ्या भिंती एकत्र केल्या तरी तेवढा वाटला नसता. मी शेजारच्या माणसाला म्हणालो, "माल मी कालवलाय." त्याला वाटलं, चेष्टा करतोय. मी दोनदा सांगितलं, तरी त्याला पटलं नाही.

त्यानंतर काम थांबलेलं नाही. नेवाशाहून येतात, पाथर्डीहून येतात. परवा दुपारी सोनईचा एक शिक्षक मोटारसायकलवरून आला. शाळेच्या अंगणासाठी त्याला तसली कमळं हवी होती. मी पाटावर बसून घमेल्यात कोपरापर्यंत हात घालून माल कालवत होतो, अंगावर सगळं सिमेंट उडालेलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि जरा मोठ्यानं, बिगाऱ्याशी बोलतात तसं विचारलं, "काय हो, मिस्त्री आहेत का घरात?"

चाळीस वर्षं या प्रश्नाला मी छाती काढून 'मीच' म्हणत आलो होतो.

"हायेत," मी म्हणालो. "जेवायला बसल्या हायेत. तुमी बसा खाटंवर, येतील आता."

त्यानं 'बसल्या' ऐकलं आणि दाराकडे बघितलं. मी पाण्याचा मग उचलला, अंदाज घेतला आणि मालात थोडं पाणी घातलं, कारण ती बाहेर आली की आधी माल बघणार होती.